मारुतीला तलवार आली: एका शेपटाची पूर्ण केस

रंगीत तालमीला आमच्या मारुतीने समुद्र ओलांडायला उडी मारली आणि पाय टेकेपर्यंत त्याचं शेपूट पाठीमागून निघून डाव्या कुशीवर आलं होतं. मागच्या रांगेतला एक राक्षस ओरडला, "बाई, मारुतीला तलवार आली!" सगळी लंका खोखो हसली, सीतामाईपण हसली, आणि मारुती बिचारा एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने शेपूट धरून उभा. गदा कुठे पडली होती ते त्यालाही माहीत नव्हतं. शेपूट मी शिवलेलं, म्हणजे ते हसणं माझ्या अंगावर आलं असं समजा. कार्यक्रमाला सहा दिवस राहिले होते.

मी सांगलीत घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, झालंच तर जुन्या ड्रेसचं अल्टर. अठरा वर्षं मशीनवर बसतेय, त्यामुळे शेजारच्या वहिनी जेव्हा म्हणाल्या की पोराला गॅदरिंगमध्ये मारुती केलाय, कपडे भाड्याने मिळतात पण शेपूट म्हणजे नुसती दोरी येते, तुम्ही एक शिवून द्या ना, तेव्हा मी म्हणलं त्यात काय, एक लांब पिशवी शिवायची आणि कापूस भरायचा, अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासाचे पुढे अकरा दिवस झाले, आणि हे काम खरोखर मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं.

पोरगं तिसरीतलं, उंची १२६ सेंटीमीटर. मागणी त्याचीच होती आणि एकदम स्पष्ट होती. तो रोज संध्याकाळी आजीसोबत भीमरूपी म्हणतो, त्यात पुच्छ माथ्यावर मुरडलेलं आहे हे त्याला पाठ, तेव्हा शेपूट लोंबतं नको, मागून वर जाऊन डोक्यावर वळलेलंच पाहिजे. मी जरा समजावून बघितलं की बाळा, खरी वानरंसुद्धा सगळी तशी शेपूट धरत नाहीत. हे खरं आहे, तापी-गोदावरीच्या उत्तरेकडची वानरं चालताना शेपूट पाठीवरून डोक्याकडे वळवतात आणि दक्षिणेकडची मागच्या मागे वळवून सोडतात असं प्राणीशास्त्रवाल्यांनी नोंदवलंय, आणि आपण पडलो कृष्णाकाठचे. पण त्याने ऐकून घेतलं नाही. बरोबरच आहे म्हणा, मारुती काय सांगलीचा नव्हता.

आता पहिलं शेपूट कसं होतं ते नीट सांगते, कारण चूक त्यातच आहे. कापड तपकिरी वेल्वेट, ब्लाउजपीसमधून उरलेलं. बुडाशी ७ सेंटीमीटर जाड, टोकाला ३, लांबी ११०. गोल शेपटाला कापड किती लागतं याचं गणित सोपं, जाडीला सव्वातीनने गुणायचं की शिलाई मायेसकट, म्हणजे टिपेसाठी कडेला सोडलेल्या जास्तीच्या कापडासकट, बरंचसं भागतं, पण मी नीट केलं, ७ ला २२ आणि दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर माया म्हणजे २४, टोकाला साडेअकरा. निमुळती सरळ पट्टी कापली, दुमडली, उभी टीप मारली, सुलटवली. आत जुन्या गादीतला पिंजलेला कापूस, लाटण्याने ठोसून ठोसून घट्ट भरला. उभं राहावं म्हणून मधोमध लोखंडी जीआय तार, दुहेरी. आणि बुडाला इंचभर रुंदीचं इलास्टिक जोडून त्याचा पट्टा केला, तो साटीनच्या धोतरावरून कमरेला बांधायचा. टोकाला लोकरीचा गोंडा. टेबलावर ठेवलं तेव्हा इतकं झकास दिसत होतं की मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. तो फोटो अजून आहे, डिलीट करायची हिंमत होत नाही.

तालमीनंतर मंडळी जमली आणि प्रत्येकाचं निदान तयार. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून इथे नाटक म्हटलं, त्यातून रामायणाचं, की प्रत्येकाला वाटतं आपल्याला त्यातलं कळतं. नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या तार अजून जाड घाला. पोराचे काका म्हणाले कापूस कमी पडलाय. आजी म्हणाल्या पट्टा आवळा. मी सगळं केलं, अगदी त्याच क्रमाने. जाड तार घातली तर शेपूट आणखी जड झालं आणि आणखी वेगाने फिरलं. पट्टा आवळला तर पोराच्या पोटावर लाल वळ उठला आणि तरीही शेपूट खाली बसलंच. मग सेफ्टी पिना लावून पट्टा धोतराला पक्का केला, तर पहिल्याच उडीत साटीन टराटरा फाटलं आणि भाड्याच्या धोतराचे पैसे भरायची वेळ आली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथे बाकी सगळा मारुती तयार होता आणि शेपूटच राहिलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी दिवाणावरचा लोड घेतला, खुर्चीत उभा केला, त्याला तो पट्टा बांधला आणि समोर स्टूल टाकून नुसती बघत बसले. नवरा म्हणाला लोडाला मारुती करतेस काय. पण तिथेच कळलं. शेपूट वाकत नव्हतंच! तार आपलं काम चोख करत होती, शेपटाचा आकार जसाच्या तसा होता. फिरत होता तो पट्टा. पट्ट्याची वरची कड लोडापासून दोन बोटं सुटली होती आणि खालची कड लोडात रुतली होती, आणि या फरकाने सगळं शेपूट अख्खंच्या अख्खं मागे कलंडलं होतं. बोटाने जरा बाजूला ढकललं की साटीनवरून इलास्टिक लोण्यासारखं घसरून लोडाच्या कुशीवर. तलवार.

स्वयंपाकाच्या काट्यावर शेपूट ठेवलं, ४९० ग्रॅम. आता अर्धा किलो म्हणजे काही फार नाही असं वाटतं, साखरेची छोटी पिशवी. पण हे वजन पोराच्या अंगाला चिकटून नाहीये, ते पाठीपासून सरासरी १५ सेंटीमीटर मागे लटकलंय. ४९० गुणिले १५ म्हणजे ७३५०. हा सगळा कलंडण्याचा जोर थोपवायला माझ्याकडे काय होतं, तर अडीच सेंटीमीटर रुंदीचं इलास्टिक. ७३५० ला अडीचने भागा, २९४०. म्हणजे पट्ट्याच्या वरच्या कडेला जवळजवळ तीन किलोची ओढ, तीही पोरगं गप उभं असताना, उडी मारली की विचारूच नका. इलास्टिक काय करणार, ते तर ताणायलाच जन्माला आलंय. हेच जर अडीचच्या जागी १८ सेंटीमीटर उंचीचं काहीतरी पाठीला टेकलं तर ७३५० भागिले १८, चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि शेपटाचं वजनच निम्मं केलं तर दोनशे. तीन किलोचे दोनशे ग्रॅम, आणि यात शेपटाच्या सुंदर दिसण्याचा काडीचा संबंध नाही. मी अकरापैकी पाच दिवस शेपूट सुधारण्यात घालवले होते आणि दुखणं कमरेत होतं.

शाळेतलं तरफेचं प्रकरण मी नापास होता होता पास झालेलं, ते असं लोडावर कळलं.

मग नवीन शेपूट. आणि ह्यावेळी शेपटापासून सुरुवात केलीच नाही, पाठीपासून केली.

तेलाचा १५ लिटरचा रिकामा प्लॅस्टिक कॅन होता, त्याची एक बाजू कापली, १८ उभी आणि १४ आडवी, कोपरे गोल केले. हे प्लॅस्टिक भारी असतं, वाकतं पण तुटत नाही, आणि कॅनची बाजू किंचित फुगीर असते ती पाठीला बरोबर बसते. पुठ्ठा घेऊ नका, घामाने आणि दाबाने तासाभरात मऊ पडतो, मी आधी तोच करून बघितला होता. प्लेटच्या आतल्या बाजूला जुन्या योगा मॅटचा तुकडा, आणि सगळ्यावरून कॅनव्हासची खोळ. पट्टा इलास्टिकचा नाही, निवारीचा, दोन इंची, जी पूर्वी पलंगाला विणायचे तीच. निवार ताणत नाही आणि सुती असल्यामुळे घसरत नाही. हा पट्टा प्लेटच्या वरच्या कडेला शिवला, मधोमध नाही, कारण सुटते ती वरची कड, खालची आपोआप आत दाबली जाते. वरच्या दोन कोपऱ्यांतून दप्तरासारखे दोन खांद्यावरचे पट्टे. आणि खालच्या कडेच्या मध्यातून एक पट्टा दोन पायांमधून पुढे आणून कमरेच्या पट्ट्याला वेल्क्रोने अडकवला, थोडक्यात लंगोट. ह्या शेवटच्या पट्ट्यामुळे प्लेट ना वर सरकत, ना कुशीला फिरत. मारुतीला लंगोट का असतो ते मला त्या दिवशी पटलं, बाकी कारणं काय असतील ती असोत.

आणि हे सगळं धोतराच्या आतून, सुती हाफ पँटवर. हाफ पँटला कमरेला चार लुप्स शिवले, त्यातून निवार ओवली. धोतराला मागे एक उभी चीर, तिला आतून पट्टी लावून काज केल्यासारखी शिवून घेतली, त्यातून फक्त शेपूट बाहेर. म्हणजे साटीनवर वजन शून्य. पोराची आई म्हणाली बाहेरून बघितलं तर खरंच अंगातून उगवल्यासारखं वाटतंय. तो फायदा मी धरलाच नव्हता, फुकटात मिळाला.

आता आतला कणा. लोखंडी तार नको हे ठरलं होतं, एक तर जड, दुसरं म्हणजे पहिल्या शेपटातून तारेचं टोक कापूस आणि वेल्वेट फोडून बाहेर डोकावायला लागलं होतं, पोराच्या मानेपासून चार बोटांवर. माझा भाऊ तासगावकडे असतो, द्राक्षबाग आहे, त्याच्याकडून ठिबकची १६ एमएमची नळी मागवली, ती लॅटरल म्हणतात ती काळी. ही नळी वजनाला काहीच नाही आणि स्प्रिंगसारखी परत आपल्या जागेवर येते, म्हणजे पोरगं दारात अडकलं तरी शेपूट वाकून पुन्हा उभं. अडचण एकच, जास्त वाकवली की ती एका जागी चपटी होऊन मोडते. त्यावर भावानेच उपाय सांगितला. आत आधी ३ एमएमची ॲल्युमिनियमची तार घातली, मग कोरडी बारीक वाळू भरून दोन्ही तोंडं बंद केली, पातेल्यात कडक पाणी तापवून त्यात नळी धरली, मऊ पडल्यावर मोठ्या डब्याभोवती वळवली आणि तशीच धरून वरून गार पाणी. वाळूमुळे चपटी होत नाही. थंड झाल्यावर वाळू झटकून काढली, तारेचं टोक गोल वळवून चिकटपट्टी गुंडाळली, नळीच्या तोंडाला ठिबकचीच एंड कॅप.

नळीचा वरचा भाग प्लेटवर उभा झोपवला, चार ठिकाणी गरम खिळ्याने भोकं पाडून केबल टायने आवळला, नळी प्लेटवरून खाली येते, बुडाशी वळसा घेऊन मागे निघते आणि मग वर जाते. खऱ्या शेपटाची सुरुवातपण अशीच खालून होते, थेट काटकोनात पाठीतून बाहेर आलेलं शेपूट नळाच्या तोटीसारखं दिसतं. आणि कणा टोकाच्या १२ सेंटीमीटर आधीच संपवला. टोक नुसतं मऊ, कारण वीस पोरं विंगेत एकमेकांना ढकलत असतात आणि शेपटाचं टोक नेमकं दुसऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतं.

आता कापड, आणि इथे मी अठरा वर्षांच्या अनुभवाने सरळ तोंडावर पडले. पहिलं शेपूट म्हणजे सरळ नळकांडं शिवून वाकवलेलं, त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला अशा चुण्या की जणू ढिला मोजा. साधा हिशोब, ७ सेंटीमीटर जाड शेपूट अर्धगोल वळवलं तर बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा २२ सेंटीमीटर लांब लागते, वळण छोटं असो की मोठं. सरळ पट्टीत हे २२ सेंटीमीटर येणार कुठून, मग आतलं जास्तीचं कापड गोळा होतं. म्हणून ह्यावेळी कटिंगच वाकडं. वळवलेली नळी वर्तमानपत्रावर आडवी ठेवली, तिच्या दोन्ही बाजूंनी शेपटाची रुंदी आखली. इथे एक लक्षात ठेवायचं, कागदावरची रुंदी म्हणजे जाडी नाही, घेराच्या निम्मी. ७ जाडीला घेर २२, म्हणजे कागदावर ११ आणि माया धरून १३. मी पहिल्या कागदावर ७ अधिक माया असं आखलं होतं, कापायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर शेपटाऐवजी आतड्यासारखं काहीतरी तयार झालं असतं. डावा आणि उजवा असे दोन तुकडे, एकमेकांचे आरसे, एक शिलाई पाठीवरून आणि एक पोटाखालून.

वेल्वेटचा दुसरा तुकडा कापायला घेतला आणि हातातला खडू थांबला. वेल्वेटला लव असते, हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की काळपट. ब्लाउजला आपण सगळे तुकडे एकाच दिशेने लावतो की संपलं. पण हे शेपूट खाली येतं, वळतं आणि वर जातं, तुकडा एकच, म्हणजे कापडाची लव एका दिशेला राहणार आणि शेपूट मात्र दिशा बदलणार! बुडाशी केस शेपटाच्या टोकाकडे आणि वळणानंतर केस उलटे, मुळाकडे, आणि लाइटमध्ये अर्धं शेपूट एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या. तीन जोड देऊन जमलं असतं, पण जोड दिसतातच. शेवटी वेल्वेट बाजूला ठेवलं आणि घरातलं तपकिरी फ्लीसचं सिंगल ब्लँकेट कापलं. फ्लीसला लव अशी दिसत नाही, कडेला धागे सुटत नाहीत, वजनाला हलकं, थोडं ताणतं. ताण आडवा येईल असं कापड ठेवायचं, उभा नाही, म्हणजे भरल्यावर शेपूट गोल फुगतं, लांबत नाही. ब्लँकेट नवऱ्याचं होतं. त्याला जानेवारीत कळलं.

शिवताना आधी धावदोऱ्याने टाचून घेतलं, कारण वाकड्या दोन कडा मशीनच्या पायाखाली सरकतात आणि शेवटी एक तुकडा दोन सेंटीमीटर पुढे निघतो. मग बारीक टीप, दोनदा. वळणाच्या आतल्या बाजूला मायेला दर दीड सेंटीमीटरवर कातरे, टिपेपासून तीन एमएम आधी थांबायचं. बाहेरच्या बाजूला माया जास्त होते तिथे नुसते कातरे नाही तर छोटे त्रिकोण कापून काढले. हे केलं नाही तर सुलटवल्यावर वळण गुळगुळीत येत नाही, टोकं टोकं येतात.

भरायला ह्यावेळी कापूस नाही, उशीत घालतात तो पांढरा फायबर. कापूस बसतो, दाबला की दाबलेलाच राहतो, आणि सगळा खाली जमून वरचं शेपूट रिकामं होतं. फायबर परत फुगतो. पण फायबर मुठी मुठीने कोंबला तर गाठी होतात आणि फ्लीसवरून त्या गाठी वाटाण्यासारख्या दिसतात. म्हणून आधी सगळा फायबर बोटांनी मोकळा केला, पोह्यांत खडा शोधतो तसा, आणि लिंबाएवढे छोटे झुपके टोकापासून भरत आले. आधी टोक, मग नळी आत, मग नळीच्या चारही बाजूंनी थोडं थोडं, एकाच बाजूने भरलं तर नळी कडेला जाऊन कापडाला टेकते आणि बाहेरून फासळीसारखी दिसते. ९० ग्रॅम फायबर लागला. पूर्ण शेपूट, गोंड्यासकट, काट्यावर २४५ ग्रॅम. पहिल्याच्या बरोबर निम्मं! मी ते काट्यावर तीनदा ठेवून बघितलं.

इथे एक भीतीचा प्रसंग. टाचणीच्या डबीत मी मोजून तीस टाचण्या घेते, ही माझ्या आईची सवय, काम संपल्यावर परत मोजायच्या. एकोणतीस निघाल्या. रात्रीचे साडेबारा, पोराच्या मानेशी येणारं शेपूट आणि त्यात कुठेतरी टाचणी. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक होता, तो शेपटावरून बोटाबोटाने फिरवला. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही हे माझं नशीब, लोखंडी तार असती तर काहीच कळलं नसतं. टोकापासून वीतभरावर चुंबक टक्कन ओढला गेला. पोटाची शिलाई उसवून काढली ती टाचणी. लहान पोरांसाठी काही भरून शिवत असाल तर बाकी माझं काही ऐकू नका, पण टाचण्या मोजा.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चाचणी घेतली. पोराला म्हणलं मार उड्या. वीस उड्या, मग गोल फिरणं, मग गदा घेऊन धावणं. शेपूट डुलत होतं, जागेवर होतं. एकदा लंगोटाचं वेल्क्रो सोडून उड्या मारायला लावल्या, मुद्दाम, तर सातव्या उडीला प्लेट तीन बोटं उजवीकडे सरकली. वेल्क्रो लावलं, परत वीस उड्या, जागेवर. एवढं झाल्यावर पोरगं म्हणालं, "काकी, आता मी खरंच उडी मारू का, त्या गच्चीवर?" मी त्याला हात धरून खाली आणलं.

लंकादहनाचा विषय वेगळाच. एका उत्साही पालकांचं म्हणणं, शेपटाच्या टोकाला कापराची वडी लावू, दोन सेकंदात विझवू, टाळ्या पडतील. मी तिथल्या तिथे नाही म्हणलं आणि जरा आवाज चढवूनच म्हणलं. फ्लीस पॉलिस्टर, फायबर पॉलिस्टर, धोतर साटीन, हे कापड नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटतं. रामायणातसुद्धा राक्षसांनी शेपटाला जुनी सुती वस्त्रं गुंडाळून तेल ओतलं होतं, पॉलिस्टर नाही, आणि तिथे सीतामाईची प्रार्थना होती म्हणून मारुतीला चटका लागला नाही, आपल्याकडे ती सोय नाही. बाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. मग राक्षस शेपटाला जी फडकी गुंडाळतात त्यातच भगव्या-पिवळ्या ऑर्गंझाच्या पट्ट्या लपवल्या आणि सेलवर चालणारी बारीक दिव्यांची माळ. सेलची डबी मात्र टोकाला नाही, प्लेटवर, पाठीला चिकटून, कारण ते १५ सेंटीमीटरचं गणित डोक्यात पक्कं बसलं होतं. राक्षसांनी फडकी गुंडाळायची, त्यातल्या एकाने गुपचूप बटण दाबायचं आणि मारुतीने गिरकी घ्यायची, ऑर्गंझा हवेत फडफडतो, दिवे त्यातून लकलकतात, मागच्या रांगेतून खरंच ज्वाळा वाटते.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन गोष्टी मात्र माझ्या ध्यानात आल्या नव्हत्या. एक, शेपूट लावल्यावर पोराला बसता येत नाही. रिक्षात तो अख्खा रस्ता आईच्या मांडीवर पालथा झोपून आला. खरं तर नळी प्लेटपासून सुटी करता येईल अशी जोडणी करायला हवी होती, केबल टायऐवजी बक्कलचे पट्टे, पुढच्या वेळी तसंच करणार. दुसरी गोष्ट, प्रवेशाला पाच मिनिटं असताना त्याला शू लागली. लंगोटाचं वेल्क्रो पुढे ठेवलं होतं म्हणून वाचलो, दोन मिनिटांत मारुती परत विंगेत. वेल्क्रो मी पुढे का लावलं होतं, तर मागे प्लेट होती म्हणून, एवढंच, दूरदृष्टी वगैरे काही नाही.

समुद्र ओलांडला, अशोकवन झालं, लंका जळली, शेपूट जागेवर. शेवटी रामाच्या पाया पडताना शेपूट पुढे कलून रामाच्या मुकुटात अडकलं आणि मुकुट घेऊनच वर आलं, पण लोकांना वाटलं ते बसवलेलंच आहे, त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

आठवड्याने वहिनी शेपूट धुवायला परत घेऊन आल्या, शिऱ्याचे डाग होते. पोरगं ते लावून जेवायला बसायचं, म्हणजे उभं राहायचं. मी बुडाची शिलाई उसवली, नळी काढली, फ्लीस आणि फायबर तसंच कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन उन्हात आडवं वाळवलं, उभं टांगलं तर सगळा फायबर ओला होऊन टोकाला जातो. वाळल्यावर नळी घालून परत शिवलं. मग प्लेट आणि पट्टा मागितला तर वहिनी हसायला लागल्या. पट्टा मिळणार नाही म्हणाल्या, त्याने तो दप्तराला लावून घेतलाय, आणि आता म्हणतो दप्तर जड लागत नाही.